प्रेअरीतील लहान गावात राहायला जाण्यापूर्वी लोकसंख्येचा आकडा कसा वाचावा

कॅनडाच्या सास्काचेवान प्रांताच्या दक्षिण भागात, म्हणजे गवताळ मैदानी प्रेअरीत, शे-सव्वाशे वस्तीच्या एका गावात आमचे कुटुंब २०१८ पासून राहत आहे. मी शेजारच्या टाउनमधील वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करते आणि माझे पती धान्याच्या टर्मिनलवर, म्हणजे धान्य खरेदी करून रेल्वेने पुढे पाठवणाऱ्या मोठ्या केंद्रावर, नोकरीला आहेत. टोरांटोच्या परिसरातील घरभाडी परवडेनाशी झालेली मराठी कुटुंबे आम्हाला वरचेवर एकच प्रश्न विचारतात, की तिकडे घर स्वस्त मिळते असे ऐकले आहे, तर यावे का? या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे थेट उत्तर देता येत नाही. मात्र ते उत्तर स्वतःचे स्वतः कसे शोधावे, हे मी सांगू शकते, आणि त्याची सुरुवात गावाच्या लोकसंख्येपासूनच करावी लागते. हा आकडा नीट वाचता आला नाही, तर स्वस्त घर फार महागात पडते.

व्हिसा आणि स्थलांतराचे नियम सतत बदलत असल्यामुळे ते येथे घेतलेले नाहीत. ते अधिकृत सरकारी पानावरच पाहावेत.

१. आकडा नेमका कोणत्या गावाचा आहे, ते आधी ठरवा

आपण मराठीत ज्याला सरसकट ‘गाव’ म्हणतो, त्याचे येथे कायद्याने अनेक प्रकार होतात. सिटी होण्यासाठी किमान ५,००० वस्ती लागते, टाउनसाठी ५०० आणि व्हिलेजसाठी १००. त्याहून लहान वस्तीला हॅम्लेट म्हणतात. संख्या १०० च्या खाली गेली म्हणून व्हिलेजचा दर्जा आपोआप जात नाही, त्यामुळे पन्नास-साठ माणसांची व्हिलेजेसही नकाशावर पुष्कळ दिसतात. आपल्याकडे दीडशे माणसांच्या वस्तीला वाडी म्हणतात आणि तिचा कारभार दुसऱ्या गावाच्या ग्रामपंचायतीतून चालतो. येथे तेवढ्याच वस्तीला स्वतःचा महापौर, स्वतःचे कौन्सिल आणि स्वतःचे अंदाजपत्रक असते.

खरी गफलत होते ती रूरल म्युनिसिपॅलिटीमुळे. बोलताना तिला सगळे ‘आर.एम.’ म्हणतात. ही गावाभोवतीच्या शेतजमिनीची स्वतंत्र स्थानिक संस्था असते. व्हिलेज हे आर.एम.च्या मधोमध वसलेले असले, तरी हिशेबाने तिचा भाग नसते, आणि दोघांची लोकसंख्या वेगवेगळी मोजली जाते. अडचण अशी की पुष्कळदा दोघांचे नाव एकच असते. ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम भागाचे अभ्यागत केंद्र ज्या गावात आहे, ते व्हाल मारी हे व्हिलेज आहे, आणि त्याच्या भोवती ‘व्हाल मारी क्रमांक १७’ या नावाची आर.एम. आहे. नुसते ‘व्हाल मारीची लोकसंख्या’ असे शोधले, तर यांपैकी कोणताही एक आकडा समोर येऊ शकतो.

ही चूक आम्ही स्वतः केली होती. चारशेहून अधिक वस्ती आहे, असे समजून आम्ही आलो, आणि तो आकडा आर.एम.चा निघाला. गावात प्रत्यक्षात एकशे दहाच्या आसपास माणसे होती. उरलेली तीनशे माणसे कित्येक मैलांच्या परिघात विखुरलेली होती, त्यांतील अनेकांचा बाजार, डॉक्टर आणि मुलांची शाळा दुसऱ्याच टाउनमध्ये होती, आणि आमच्या गावाशी त्यांचा संबंध वर्षातून दोन-चार वेळाच येत असे.

आर.एम.च्या आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. हटराइट या ख्रिस्ती पंथाचे लोक सामुदायिक शेती करतात आणि त्यांच्या एकेका वसाहतीत शंभराच्या आसपास माणसे राहतात. त्यांची शाळा, भोजनगृह आणि कार्यशाळा वसाहतीतच असतात. ही माणसे आर.एम.च्या लोकसंख्येत मोजली जातात, त्यामुळे आर.एम.चा आकडा वाढता आणि मधल्या व्हिलेजचा घटता, असे चित्र अगदी शक्य असते. फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे कॅनडाच्या मूळ रहिवासी समाजांच्या, राखीव जमिनींवरील वस्तीही जनगणनेत स्वतंत्र मोजली जाते. दक्षिण सास्काचेवानची बहुतेक भूमी या समाजांनी ब्रिटिश राजसत्तेशी १८७४ मध्ये केलेल्या चौथ्या कराराखाली येते, आणि आपल्या गावाच्या सर्वांत जवळची वस्ती एखाद्या फर्स्ट नेशनची आहे का, हे येणाऱ्याने आधीच पाहून ठेवावे. तेही आपले शेजारीच आहेत.

२. जनगणनेचा तक्ता उघडा आणि या ओळी वहीत उतरवून घ्या

कॅनडात दर ५ वर्षांनी, १ आणि ६ या अंकांनी संपणाऱ्या वर्षी, मे महिन्यात जनगणना होते. स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या संकेतस्थळावर प्रत्येक व्हिलेजचा स्वतंत्र तक्ता विनामूल्य पाहता येतो. नाव टाकल्यावर समोर येणाऱ्या यादीत ‘व्हिलेज’ असाच प्रकार निवडल्याची खात्री करावी आणि पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात.

• या जनगणनेची आणि आधीच्या जनगणनेची लोकसंख्या
• एकूण खाजगी घरे
• त्यांपैकी कायम रहिवासी असलेली घरे
• १४ वर्षांपर्यंतची मुले आणि ६५ वर्षांवरील माणसे

टक्केवारीची ओळ सोडून दिली तरी चालेल. १२० माणसांच्या गावातून सहा जणांचे एक कुटुंब गेले, की तक्त्यात ‘५ टक्के घट’ असे छापून येते. मोठ्या शहरात ५ टक्के घट ही गंभीर बाब ठरेल, येथे तिचा अर्थ एका घरातील माणसे हलली एवढाच असतो. म्हणून एकाच पाच वर्षांवरून निष्कर्ष काढू नये, निदान चार जनगणनांचे आकडे एकाखाली एक लिहावेत.

घरांच्या दोन ओळी मात्र अत्यंत मोलाच्या आहेत. समजा, एकूण घरे ९० आहेत आणि कायम रहिवासी असलेली ६०. मग उरलेली ३० घरे कोणाची, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ती ओस पडलेली असतील, तर पाण्याच्या आणि रस्त्यांच्या खर्चाचा भार उरलेल्या ६० घरांवर येतो. पण दरवेळी तसेच असते, असे नाही. एल्बो हे व्हिलेज डिफेनबेकर सरोवराच्या काठी आहे. १९६७ मध्ये पूर्ण झालेल्या गार्डिनर धरणामुळे हे सरोवर तयार झाले आणि त्याच्या काठी उन्हाळी घरे उभी राहिली. अशा गावात ‘रिकामी’ दिसणारी घरे जुलैमध्ये गजबजलेली असतात आणि त्यांचा करही नियमित भरला जातो.

त्यानंतर लोकसंख्येला राहत्या घरांच्या संख्येने भागावे. ६० घरांत ११५ माणसे म्हणजे घरटी दोनही नाहीत, याचा अर्थ गाव बहुतांशी वृद्ध जोडप्यांचे आणि एकट्या राहणाऱ्यांचे आहे. आपल्याबरोबर शाळेत जाणारी मुले असतील, तर हा एक भागाकार बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा अधिक सांगून जातो.

येथे एक सावधगिरी सांगते. एकूण लोकसंख्या आणि घरे यांचे आकडे जसेच्या तसे दिलेले असतात, परंतु वय, भाषा, जन्मस्थान यांचे आकडे कोणाचीही ओळख उघड होऊ नये म्हणून पाचाच्या पटीत, वर किंवा खाली, सोडतीसारख्या पद्धतीने बदललेले असतात. आमच्या गावाच्या २०२१ च्या तक्त्यात मातृभाषा मराठी या ओळीसमोर ५ हा आकडा आहे, आणि आम्ही चौघे आहोत. सोडत उलट पडली असती, तर तेथे शून्य आले असते. त्यामुळे एखाद्या व्हिलेजच्या तक्त्यात आपल्या भाषेसमोर शून्य दिसले, तर तेथे आपले कोणीच नाही असे धरून चालू नये, आणि ५ दिसले तर पाच माणसे भेटतील असेही नव्हे. उत्पन्न, व्यवसाय, शिक्षण या ओळी तर आणखी कच्च्या असतात, कारण तो मोठा प्रश्नसंच चारांपैकी एकाच घराला दिला जातो. वस्ती ४० च्या खाली असेल, तर हा तपशील मुळी छापलाच जात नाही.

३. आकडा का उतरला आणि आता कशावर टिकला आहे, ते समजून घ्या

हे प्रकरण अनेक जण वगळतात, परंतु माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे हेच आहे. प्रेअरीतील गावे जशी वसली, ती पद्धतच त्यांच्या आजच्या लोकसंख्येचे कारण आहे.

१८७२ च्या डोमिनियन लँड्स ॲक्टनुसार १० डॉलर शुल्क भरून १६० एकर जमिनीवर हक्क सांगता येत असे. तेथे तीन वर्षे राहून, घर बांधून आणि ठरलेली जमीन नांगरून दाखवली, की ती मालकीची होई. पुढे रेल्वे आली. शेतकऱ्याला घोडागाडीने धान्य घालून त्याच दिवशी घरी परतता यावे, या हिशेबाने लोहमार्गावर दर आठ-दहा मैलांवर थांबे आणि धान्याची लाकडी एलिव्हेटरे, म्हणजे धान्य साठवून आगगाडीत भरण्याची उंच कोठारे, उभी राहिली, आणि त्या प्रत्येक एलिव्हेटरच्या पायथ्याशी एक गाव वसले. आज जो प्रदेश सास्काचेवान आहे, तेथे १९०१ मध्ये ९१,२७९ माणसे होती. १९११ मध्ये ती ४,९२,४३२ झाली आणि १९३१ मध्ये ९,२१,७८५.

त्यानंतर १९३० च्या दशकातील अवर्षण आणि मंदी आली. पाठोपाठ ट्रॅक्टर, ट्रक आणि कंबाइन यंत्रे आली आणि घोड्याच्या चालीने आखलेली गावे एकमेकांच्या फारच जवळ पडू लागली. १९३६ मध्ये प्रांतात १,४२,३९१ शेते होती, तर २०२१ च्या कृषी गणनेत ३४,१२८ उरली आणि एका शेताचा सरासरी आकार १,७६६ एकर झाला. जमीन तितकीच पिकते, किंबहुना अधिक पिकते. आपण महाराष्ट्रात जी मसूर डाळ शिजवतो, तीही या भागातून मोठ्या प्रमाणावर निर्यात होते, आणि आमच्या गावाच्या वेशीपासूनच मसुराची शेते सुरू होतात. फक्त ती पिकवायला पूर्वीइतकी माणसे लागत नाहीत.

मग एकेक सोय गेली. १९९३ मध्ये प्रांतातील ५२ ग्रामीण रुग्णालयांतील खाटा बंद झाल्या. १९९५ मध्ये धान्याच्या रेल्वेभाड्यावरचे जुने अनुदान संपले, शाखामार्ग उखडले गेले आणि लाकडी एलिव्हेटरे एकामागून एक पाडली गेली. २०१७ च्या मे अखेरीस सरकारी बससेवा बंद झाली, म्हणजे गाडी चालवता न येणाऱ्या माणसाला गावातून बाहेर पडण्याचा मार्गच उरला नाही. २०२१ मध्ये प्रांताची लोकसंख्या ११,३२,५०५ होती. त्यांपैकी सास्काटून शहरात २,६६,१४१ आणि रिजायनात २,२६,४०४ माणसे होती. या दोन शहरांची बेरीज केली, तर ती १९११ मधील संपूर्ण प्रांताच्या लोकसंख्येइतकीच भरते.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण असे की गाव लहान आहे, ही तक्रार नव्हे. जी गावे या सगळ्यातून आजवर उरली, ती कशाच्या तरी आधारावर उरली आहेत. तो आधार कोणता, हे नावानिशी सांगता आले पाहिजे. तो शाळेचा असेल, पोटॅश या खतासाठीच्या खनिजाच्या खाणीचा, सरोवराचा, राष्ट्रीय उद्यानाचा, शुश्रूषागृहाचा किंवा मोठ्या टर्मिनलचा असेल. आधार एकच असेल, आणि तो डळमळीत असेल, तर त्या गावात घर विकत घेऊ नये, भाड्याने राहावे.

४. जानेवारीत एकदा जाऊन स्वतः मोजा

घरे विकणारे लोक आपल्याला जूनमध्ये बोलावतात. तेव्हा सगळीकडे हिरवे असते आणि उजेड रात्री दहापर्यंत असतो. शक्य असेल तर जानेवारीत जावे आणि एक रात्र जवळच्या टाउनमध्ये मुक्काम करावा.

उणे तीसच्या थंडीत सकाळी गावातून एक फेरी मारली, की माणसे मोजण्यासाठी कोणाचे दार वाजवावे लागत नाही. ज्या घरात घर उबदार ठेवणारी भट्टी चालू आहे, त्या घराच्या छपरावरच्या नळीतून पांढरी वाफ सरळ खांबासारखी वर उभी राहते. दारापर्यंतचे बर्फ काढलेले असते आणि अंगणातील गाडीच्या नाकातून विजेची तार भिंतीपर्यंत गेलेली असते, कारण इंजिन रात्रभर उबदार ठेवावे लागते. वाफ नाही, आणि पायरीवरचे बर्फ अस्पर्श आहे, ते घर त्या हिवाळ्यात बंद समजावे. मी पहिल्या वर्षी अशी ४१ घरे मोजली होती, आणि जनगणनेच्या तक्त्यात राहती घरे ५२ होती. मधल्या ११ घरांतील निवृत्त मंडळी दर हिवाळ्यात ॲरिझोनाला जातात, असे नंतर कळले. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च या काळात आमच्या गावाची खरी लोकसंख्या तक्त्यातल्यापेक्षा बरीच कमी असते, आणि रात्री गाडी बिघडली तर मदतीला येणारे हातही तितकेच कमी असतात.

त्यानंतर शाळेत किंवा गावाच्या सभागृहात जावे. तेथील भिंतीवर बारावी उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाच्या तुकडीची चौकट टांगलेली असते. आमच्या सभागृहातील १९६० च्या दशकातील चौकटींत चौदा-पंधरा चेहरे आहेत, पुढे ते आठ होतात, पाच होतात आणि शेवटच्या चौकटीत दोनच मुली आहेत. त्या भिंतीसमोर पाच मिनिटे उभे राहिल्यावर मला जे समजले, ते कोणत्याही तक्त्यातून समजले नव्हते.

सकाळी दहाच्या सुमारास दुकानात किंवा सभागृहात ज्येष्ठ मंडळी कॉफीसाठी जमतात. याला येथे ‘कॉफी रो’ म्हणतात. संकोच न करता तेथे बसावे आणि आपण कोण, कोठून आलो, ते सांगावे. कोणते घर कधीपासून रिकामे आहे, कोणत्या घराच्या तळघरात पाणी येते, शिक्षिका पुढच्या वर्षी राहणार आहेत का, हे सगळे तेथे कळते.

५. गावाच्या कार्यालयात विचारायचे प्रश्न

कार्यालय आठवड्यातून दोन-तीन दिवसच उघडे असते, आणि पुष्कळदा एकच प्रशासक दोन संस्थांचे काम पाहतात, म्हणून आधी फोन करून जावे. कौन्सिलच्या सभा सर्वांना खुल्या असतात आणि त्यांचे इतिवृत्तही मागता येते. मागच्या वर्षभराचे इतिवृत्त वाचावे. पाइप फुटणे, कर थकणे, आर.एम.मध्ये विलीन होण्याचा विचार, हे विषय तेथे दिसतात. विलीनीकरण झाले म्हणजे गाव नाहीसे होते असे नाही, मात्र स्वतःचे कौन्सिल जाते आणि निर्णय आर.एम.कडे जातात.

शाळेबद्दल विचारताना ‘शाळा आहे का’ असे विचारू नये. कोणत्या इयत्तेपर्यंत आहे, प्रत्येक इयत्तेत किती मुले आहेत आणि शाळामंडळाने तिच्या पटसंख्येचा फेरविचार सुरू केला आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. आम्ही पहिलाच प्रश्न विचारला आणि ‘हो’ हे उत्तर ऐकून समाधान मानले. दोन वर्षांनी वरचे वर्ग टाउनच्या शाळेत गेले, आणि तेव्हापासून मुलाला बसमध्ये रोज जाता-येता प्रत्येकी ५० मिनिटे लागतात. दवाखान्याबाबतही तसेच आहे. आपत्कालीन विभाग प्रत्यक्ष किती तास उघडा असतो आणि रुग्णवाहिका कोणत्या टाउनमधून येते, हे वेगवेगळे विचारावे.

६. घर घेताना

किंमत पाहून हुरळून जाऊ नये. घर स्वस्त असते, कारण ते परत विकायला वर्षे लागू शकतात. येथे गुंतवणूक म्हणून घर घेऊ नये, राहण्यासाठीच घ्यावे.

मोठ्या बँका फार कमी किमतीच्या किंवा आडगावच्या घरांवर कर्ज द्यायला नाखूश असतात, त्यामुळे जवळच्या टाउनमधील क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे सभासदांच्या सहकारी पतसंस्थेत, आधी चौकशी करावी. घर पाहण्याच्या दिवशीच विम्याचे पाहावे. साठ अँपियरचे जुने विद्युत फलक, जुन्या पद्धतीचे वायरिंग आणि लाकूड जाळण्याची शेगडी यांमुळे विमा नाकारला जातो किंवा महाग पडतो. हिवाळ्यात भारतात महिनाभर जाणार असाल, तर कोणीतरी नियमितपणे घरात येऊन भट्टी चालू असल्याचे पाहते, अशी व्यवस्था विमा कंपन्या मागतात. ती नसताना पाइप गोठून फुटले, तर भरपाई मिळत नाही.

पाणी गावाच्या योजनेचे आहे, विहिरीचे आहे, की टाकीत आणून ओतावे लागते, हे विचारावे आणि पाणी उकळून प्यावे अशी सूचना किती काळापासून लागू आहे, तेही पाहावे. अशी सूचना काही गावांत वर्षानुवर्षे लागू असते. शेवटी, वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा शोध आणि गावाच्या कार्यालयातून कराचा दाखला घेतल्याशिवाय सही करू नये. मागच्या मालकाचा थकलेला कर आणि थकलेले पाणीबिल घराबरोबर चालत येते.

गावाबाहेरचे घर असेल, तर त्याचा पत्ता ‘वायव्य १४-५-१२ पश्चिम ३’ अशा स्वरूपात असतो. याचा अर्थ तिसऱ्या याम्योत्तर रेषेच्या पश्चिमेकडील बाराव्या रांगेतील पाचव्या टाउनशिपमधील चौदाव्या सेक्शनचा वायव्य चतुर्थांश. टाउनशिप ६ मैल लांब आणि ६ मैल रुंद असते, तिच्यात ३६ सेक्शन असतात, आणि एका चतुर्थांशात १६० एकर. रात्री ९११ ला फोन करताना हाच पत्ता सांगावा लागतो, म्हणून तो लिहून फोनजवळ चिकटवावा आणि मुलांकडून पाठ करून घ्यावा.

७. जवळ ठेवायची कागदपत्रे

• पासपोर्ट, स्थायी निवासाचे कार्ड किंवा कामाचा परवाना
• सोशल इन्शुरन्स क्रमांक
• जुन्या प्रांताचे आरोग्य कार्ड. दुसऱ्या प्रांतातून येणाऱ्यांना सास्काचेवानचे संरक्षण तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून मिळते, तोपर्यंत जुनेच वापरावे
• वाहन परवाना, गाडीची नोंदणी आणि विमा कंपनीकडून दाव्यांच्या इतिहासाचे पत्र. प्रांतात आल्यापासून ९० दिवसांत परवाना आणि नोंदणी बदलावी लागते
• मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाची नोंद आणि आधीच्या शाळेची प्रगतिपत्रके
• घराचा करार, कराचा दाखला, विम्याचे कागद

घरपोच टपाल बहुतेक गावांत मिळत नाही. पहिल्याच दिवशी टपाल कार्यालयात जाऊन पेटी घ्यावी, कारण पुढची सगळी सरकारी पत्रे तिच्या क्रमांकावर येतात. आणखी एक बारीक गोष्ट अशी की सास्काचेवानात घड्याळ वर्षभर बदलत नाही, त्यामुळे शेजारच्या आल्बर्टा प्रांतातील नातेवाइकांशी वेळ ठरवताना उन्हाळा आहे की हिवाळा, हे पाहावे लागते.

८. आता तुम्हीही त्या आकड्यात आहात

१२० माणसांच्या गावात चौघांचे कुटुंब आले, की गाव एकदम तीन टक्क्यांहून अधिक वाढते, आणि हे सगळ्यांच्या लक्षात येते. आमच्या दारात पहिल्या आठवड्यात तीन घरांतून जेवण आले आणि दुसऱ्या आठवड्यात अग्निशमन दलाचे प्रमुख माझ्या पतींना भेटायला आले. हे दल संपूर्णपणे स्वयंसेवकांचे असते. बर्फावरच्या खेळांची रिंक, ग्रंथालयाचा कोपरा, शरद ऋतूतील टर्कीचे सामुदायिक जेवण, ज्याला ‘फाउल सपर’ म्हणतात, हे सगळे गावकरीच चालवतात. शहरात एखादे काम आपण केले नाही, तर दुसरे कोणी करते. येथे ते काम राहून जाते. म्हणून पहिल्याच वर्षी आपल्याला झेपेल असे एक काम मागून घ्यावे. मी फाउल सपरला बटाटे सोलण्यापासून सुरुवात केली, आणि त्या एका दुपारी मला गावातील निम्म्या बायकांची नावे पाठ झाली.

स्थानिक निवडणुकीत मतदानासाठी कॅनडाचे नागरिकत्व लागते, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे मत देता येणार नाही. कौन्सिलच्या सभेला मात्र पहिल्या महिन्यापासून जाता येते.

जनगणनेत मोजले जाण्यासाठी मात्र नागरिकत्व लागत नाही. कामाच्या किंवा शिक्षणाच्या परवान्यावर येथे राहणारी माणसे आणि त्यांच्याबरोबर राहणारे कुटुंबीयही मोजले जातात. अनेक नवागत ‘आपण तात्पुरते आहोत’ असे समजून अर्ज भरत नाहीत, आणि याची मला मनापासून खंत वाटते, कारण प्रांत सरकार गावांना जो महसुलाचा वाटा देते, तो जनगणनेतील दरडोई संख्येवर ठरतो. एक घर मोजायचे राहिले, तर पुढची पाच वर्षे गावाला तेवढे पैसे कमी मिळतात.

त्यामुळे मे महिन्यात पत्र आले, की ते बाजूला ठेवू नये. त्यावरील संकेतांक वापरून त्याच दिवशी अर्ज भरावा. भारतातून काही महिन्यांसाठी भेटीला आलेल्या आईवडिलांची नावे त्यात घालू नयेत, परंतु घरात कायम राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव घालावे. पत्त्यात आर.एम. न लिहिता व्हिलेजचे नाव लिहावे. मातृभाषेच्या प्रश्नासमोर ‘हिंदी’ किंवा ‘भारतीय’ असे न लिहिता प्रत्येकाच्या नावापुढे स्वतंत्रपणे ‘मराठी’ लिहावे, आणि बाळ अजून बोलू लागले नसेल, तर घरात त्याच्याशी ज्या भाषेत बोलता, ती त्याच्या नावापुढे लिहावी.